पहिल्यांदा गोव्यात: भरतीच्या वेळा पाहून पाच दिवस

गोव्याला जायचं ठरलं की घरात सगळ्यात आधी हॉटेल शोधलं जातं. त्याआधी भिंतीवरची दिनदर्शिका काढा आणि ज्या दिवशी तिथे असाल त्या दिवसांच्या तिथी कागदावर उतरवून घ्या. कोकणपट्टीत जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या आसपास. पूर्ण भरतीनंतर सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी, आणि रोज ही वेळ साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. गोव्यात भरती मुंबईच्या थोडी आधी येते, म्हणून हा हिशेब तासाभराच्या फरकानेच धरायचा. नेमकी वेळ हवी तर मुरगाव बंदराचं कोष्टक पाहायचं. कुठला किनारा कधी गाठायचा, फेरीच्या धक्क्यावर दुचाकी कशी उतरवायची, पाण्यातून पलीकडे गेलेल्याने परत कधी फिरायचं, हे सगळं या कागदावर ठरतं. दुसरा धरबंद उन्हाचा: अकरा ते चार डोक्यावर छप्पर हवं. या दोन गोष्टी सांभाळल्या की बाकी चुका निभावून नेता येतात.

खालचे पाच दिवस डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यासाठी आहेत. पाऊस संपलेला असतो, डोंगर अजून हिरवे असतात, समुद्र निवळलेला असतो. मात्र नोव्हेंबरच्या उत्तरार्धात पणजीत आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव असतो, ३ डिसेंबरला जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस झेवियरचं फेस्त आणि ८ डिसेंबरला पणजीच्या चर्चचं. त्या दिवशी त्या त्या गावात गाडी घेऊन शिरू नका. नाताळापासून नव्या वर्षापर्यंत खोल्यांचे दर चढतात आणि रस्ते तुंबतात, तो आठवडा पहिल्यांदा येणाऱ्याने टाळलेलाच बरा.

पहिला दिवस: उतरायचं कुठे

ही चूक सर्रास होते आणि त्यात अर्धा दिवस जातो. गोवा लहान असला तरी चिंचोळा आणि लांब आहे, मध्ये मांडवी आणि जुवारी. कळंगुट, हणजूण, म्हापशाकडे राहणार असाल तर थिवी स्टेशन, पणजीला करमळी, दक्षिणेला मडगाव आणि पाळोळे-आगोंदला काणकोण. मुंबईहून मांडवी आणि कोकणकन्या थिवी, करमळी, मडगाव अशा तिन्ही ठिकाणी थांबतात. वंदे भारत करमळीला थांबत नाही, त्यामुळे पणजीला जाणाऱ्याने तिकीट काढतानाच थिवीचा विचार करावा. विमानतळही दोन आहेत. दाबोळी जुवारीच्या दक्षिणेला, तर जानेवारी २०२३ पासून चालू झालेलं मोपाचं मनोहर विमानतळ पार उत्तरेला पेडण्यात. दोघांच्या तिकिटांवर ‘गोवा’च लिहिलेलं असतं. मोपाला उतरून पाळोळे गाठायचं म्हणजे अख्खा गोवा उभा कापायचा. तिकिटावरचं विमानतळाचं नाव नीट वाचून मगच खोली ठरवा.

ओला-उबर इथे चालत नाहीत. विमानतळावर आणि मोठ्या स्टेशनांवर प्रीपेड टॅक्सीची खिडकी असते, शिवाय ‘गोवा माइल्स’ हे अ‍ॅप आहे. गोव्याला पोचण्याआधीच ते फोनवर घालून ठेवा. एकटा माणूस आणि पाठीवर एक पिशवी असेल तर पायलट बरा. पायलट म्हणजे मोटारसायकल टॅक्सी, पुढचा मडगार्ड पिवळा. बसायच्या आधी भाडं ठरवून घ्यायचं.

शहरांमधला प्रवास कदंबच्या, म्हणजे सरकारी परिवहन महामंडळाच्या, बसने सोपा होतो. पणजी–मडगाव, पणजी–म्हापसा, पणजी–वास्को अशा शटल मध्ये कुठे थांबत नाहीत. त्यांचं तिकीट बसमध्ये नव्हे, स्टँडवरच्या खिडकीवर आधी घ्यायचं. रांगेत उभं राहून बसच्या दारापर्यंत पोचलेला माणूस तिकिटासाठी मागे पाठवला जातो, हे दृश्य पणजी स्टँडवर रोजचं. खासगी बस मात्र हात दाखवाल तिथे थांबते. कंडक्टर ‘फुडें वच, फुडें’ म्हणत तुम्हाला आत रेटतो आणि तिकीट तिथेच होतं. सुटे पैसे ठेवा. कोकणी येत नसली तरी अडत नाही, मराठी सगळीकडे समजते. दुकानदाराला किंवा चालकाला ‘बाब’ म्हणून हाक मारली की बोलणं लगेच घरचं होतं.

पहिली संध्याकाळ पणजीत पायी फिरायची. मळा आणि फोंतेन्य ही वस्ती साडेचारनंतर बघा. भिंतींवर तिरपं ऊन येतं, शिवाय दुपारची झोप उरकून घरं जागी झालेली असतात. ही घरं नांदती आहेत. कुणाच्या पायरीवर बसून, खिडकीचं दार ओढून फोटो काढू नका. तिथल्या लोकांनी अनेकदा पाट्या लावून हे सांगितलं आहे आणि त्यांची तक्रार रास्त आहे. गल्ली सगळ्यांची आहे, सोपो म्हणजे घरापुढची बसायची जागा मात्र घरमालकाची.

दुसरा दिवस: फेरीबोट, दिवाडी आणि जुनं गोवं

सकाळी साडेसहाला निघायचं. त्यासाठी भाड्याची दुचाकी आदल्या संध्याकाळीच घ्या. नंबरप्लेट काळी आणि अक्षरं पिवळी असतील तरच घ्या. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने देणं बेकायदा आहे. पोलिसांनी अडवलं तर दंड तुम्हाला, आणि अपघात झाला तर विमा हात वर करतो. ताबा घेताना गाडीभोवती फिरून व्हिडिओ काढा: आरशांच्या काचा, सायलेन्सरवरचे ओरखडे, टायरची नक्षी, दोन्ही ब्रेक. टाकीत बहुधा पंपापर्यंत पोचण्याइतकंच पेट्रोल असतं. पेट्रोल पंपावरच भरा, रस्त्याकडेच्या बाटलीतलं नको. हेल्मेट कायद्याने दोघांनाही सक्तीचं आहे, म्हणून मागच्यासाठीही मागून घ्या. गोव्यातल्या दुचाक्या घसरतात त्या बहुतेक वेगाने नव्हे, वळणावर साचलेल्या वाळूने. किनाऱ्याजवळच्या वळणावर पुढचा ब्रेक दाबायचा नाही, वेग वळणाआधीच उतरवायचा. अंधार पडल्यावर गुरं डांबरावर बसतात, कारण ते गरम असतं.

जुन्या गोव्यात व्हाइसरॉयच्या कमानीखालून उतरलं की फेरीचा धक्का लागतो. साध्या फेरीबोटीत पायी माणसाला तिकीट नाही, चारचाकीला आहे. बोट लागली की आधी आतली माणसं आणि गाड्या बाहेर येतात, तोवर उताराच्या एका कडेला थांबायचं. मधोमध उभं राहणाऱ्यावर सगळे ओरडतात, आणि बरोबरच आहे. आता तिथीचा कागद काढा. भरतीला पाणी वर आलेलं असतं, उतार आखूड, गाडी सरळ आत जाते. ओहोटीला उताराचा खालचा भाग उघडा पडतो आणि त्यावर शेवाळाचा हिरवट थर असतो. तिथे दुचाकी पहिल्या गिअरवर, दोन्ही पाय खाली सोडून, मागचा ब्रेक हलका धरत सरळ रेषेत न्यायची. हँडल वळवलं की चाक निसटलंच. मागे बसलेल्याला आधी उतरवून पायी चालवा.

पलीकडे दिवाडी बेट. सात वाजता धुकं शेतांवरच असतं. ही शेतं खाजन जमिनीची, म्हणजे भरतीच्या पाण्यापेक्षा खालच्या पातळीवरची. खाडी अडवून मातीचे बांध घातले आणि त्या बांधांत मानशी बसवल्या. मानस म्हणजे लाकडी झडपांचं दार. रस्त्यालगतच्या एखाद्या मानशीपाशी गाडी थांबवून दहा मिनिटं खाली बघा. भरती चढू लागली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने झडप आपोआप मिटते आणि खारं पाणी शेतात येत नाही. ओहोटी लागली की आतल्या पाण्याचा दाब वाढतो, झडप उघडते आणि जादा पाणी वाहून जातं. मोटर नाही, माणूस नाही. खारटपणा सोसणारं कोरगुट भात याच जमिनीत पिकतं. समुद्राशी कसं वागावं हे गोव्याने कित्येक पिढ्यांपूर्वी ठरवलं होतं. किनाऱ्यावरच्या शॅकपेक्षा ते इथे अधिक स्पष्ट दिसतं, म्हणून दुसऱ्याच दिवशी दिवाडीला यायचं. बांधांवर गाडी मात्र घालू नका, मातीच्या कडा खचतात.

बेट ओलांडून दुसऱ्या फेरीने नार्व्याला जाता येतं. सप्तकोटेश्वराचं मूळ देऊळ दिवाडीवर होतं. कदंब राजांचं ते दैवत. पोर्तुगिजांनी देऊळ पाडल्यावर देव नदीपलीकडे डिचोली तालुक्यातल्या नार्व्याला आला, आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी त्या देवळाचा जीर्णोद्धार केला. आताचं डागडुजी केलेलं देऊळ लहान आणि शांत आहे. सकाळी इथे गर्दी नसते.

दहाच्या आत परत जुन्या गोव्यात या. बासिलिका ऑफ बॉम जीझस आणि समोरचं से कॅथेड्रल, दोन्ही चालू प्रार्थनास्थळं आहेत. इथल्या चर्च आणि मठांना १९८६ मध्ये जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. नाहीतर दारावरून परत फिरावं लागतं, म्हणून पिशवीत एक ओढणी किंवा पंचा ठेवा. रविवारी सकाळी मिस्सा चालू असते, त्या वेळी फिरायला आत जाऊ नये. सेंट ऑगस्टिनच्या मनोऱ्याचे अवशेष बहुतेक जण वेळेअभावी सोडतात. निम्मा कोसळलेला तो जांभ्या दगडाचा सुळका अवश्य पाहा. आवारात सावली कमी, त्यामुळे अकराच्या आत.

साडेबारा ते दोन जेवणाची वेळ. ‘शीत-कडी’ची थाळी मागा: भात, हुमण म्हणजे माशाची आमटी, तळलेला मासा, किसमूर म्हणजे सुक्या मासळीची कोशिंबीर, एखादी भाजी, सोलकढी. भात कुठला हवा ते विचारतील. उकडें म्हणजे लालसर जाड तांदळाचं, सुरय म्हणजे पांढरं. हुमणाबरोबर उकडेंच छान लागतं. थाळीतला बांगडा थाळीच्या दरात असतो. वेगळी घेतलेली विसवण, म्हणजे सुरमई, किंवा पापलेट मात्र आकारावर लावतात. मासा ताटात येण्याआधी दर विचारला तर कुणाला वाईट वाटत नाही, बिल आल्यावर विचारला तर दोघांनाही वाटतं. अडीचनंतर चांगल्या थाळ्या संपतात. दुकानंही एक ते साडेतीन-चार बंद असतात. दारावर टकटक करू नका, तुम्हीही झोपा.

तिसरा दिवस: फोंडा आणि आत

पणजीपासून बावीसेक किलोमीटरवर मंगेशी. १५६० च्या सुमारास देव कुशस्थळीहून, म्हणजे आजच्या कुठ्ठाळीहून, पोर्तुगीज सत्तेबाहेरच्या या भागात हलवला गेला. कवळ्याची शांतादुर्गा केळशीहून आली. आताच्या देवळाची बांधणी १७३८ ची, शाहू महाराजांच्या काळातली. हे ध्यानात ठेवून पाहिलं की एवढी मोठी देवळं समुद्रापासून दूर, झाडीत एकमेकांजवळ का आहेत ते कळतं. मंगेशी, म्हार्दोळची म्हाळसा, बांदोड्याचा नागेश आणि शांतादुर्गा ही चार सकाळी साडेअकराच्या आत होतात. अर्धी चड्डी चालत नाही, गाभाऱ्याचे फोटो काढू देत नाहीत, आणि दुपारी दारं मिटतात.

पुढे दोन वाटा. दूधसागर हवा असेल तर फोंड्याची देवळं वेगळ्या दिवसावर ढकला आणि सकाळी आठच्या आत कुळें गाठा. तिथून वन खात्याने परवानगी दिलेल्या जीप जातात. जीपमध्ये सात जण. दोघेच असाल तर रांगेतल्या इतरांबरोबर जागा वाटून घ्यावी लागते. वाटेत ओढे ओलांडावे लागतात आणि शेवटचा टप्पा दगडांतून पायी, तेव्हा पट्ट्याचे घट्ट सँडल हवेत. स्लिपर शेवाळावर जीव घेईल. पाण्यात उतरायला लाइफ जॅकेट लागतं. पावसाळ्यात जीप बंद असतात. रेल्वेरुळांवरून चालत धबधब्याला जाणं बेकायदा आहे. बोगद्यात गाडी आली तर सरकायला जागा नसते, तेव्हा ऑनलाइन व्हिडिओ पाहून त्या वाटेला लागू नका.

घरातली वडीलधारी बरोबर असतील तर आमचं मत तांबडी सुर्ल्याच्या बाजूने. कदंबकालीन महादेवाचं ते देऊळ घाटावरच्या काळ्या बेसाल्टचं आहे, जांभ्याच्या मुलखात उठून दिसतं. गाडी जवळपर्यंत जाते. पेट्रोल आणि पिण्याचं पाणी फोंड्याहूनच भरून घ्या, पुढे दुकानं तुरळक आणि फोनला रेंज येते-जाते.

चौथा दिवस: समुद्र

पणजी–मडगाव शटल, मडगावहून काणकोणची बस, तिथून पाळोळे रिक्षाने. सकाळी सातला निघालं तर साडेदहाच्या आत पोचता. स्वतःची गाडी असेल तर करमल घाटातल्या वळणांवर पुढच्याला ओलांडायची घाई करू नका. आणि पोचल्यावर माडाखाली गाडी लावू नका. नारळ आणि सुकलेली झावळी वारा नसतानाही पडते, आणि काच फुटली की दोष कुणाला देता येत नाही. त्याच कारणाने माडाखाली चटई टाकून झोपायचंही नाही.

पहिल्यांदा समुद्रात उतरणाऱ्याने पाळोळेच निवडावं. अर्धचंद्रासारखी खाडी, दोन्ही टोकांना खडक, त्यामुळे लाटा मवाळ. शेजारचं आगोंद मोकळ्या समुद्राला तोंड देऊन आहे. तिथे किनारा लगेच खोल होतो आणि परतणारं पाणी पाय ओढतं. लहान मुलांना तिथे फक्त वाळूत खेळू द्या.

जीवरक्षक सकाळी साडेसात ते संध्याकाळी सहा असतात. लाल-पिवळे दोन झेंडे रोवलेले दिसतील. त्या दोहोंच्या मधलीच जागा पोहण्याची. नुसता लाल झेंडा म्हणजे पाण्यात पाऊलही नाही. जून ते सप्टेंबर तर समुद्र बंदच समजा. माणसं बुडतात ती बहुतेक दोन कारणांनी: दारू पिऊन उतरल्यामुळे, आणि ‘इथे पाणी शांत आहे’ असं वाटल्यामुळे. दुसरं कारण नीट समजून घ्या. किनाऱ्यावर उंचावर उभं राहून पाच मिनिटं लाटा पाहा. दोन्हीकडे पांढरा फेस फुटतोय आणि मध्येच गडद, गुळगुळीत पट्टा आहे, लाट तिथे फुटतच नाही, असं दिसलं तर ती शांत जागा नव्हे. किनाऱ्यावर आलेलं पाणी तिथून परत आत चाललेलं असतं. त्यात सापडलेला माणूस घाबरून थेट किनाऱ्याकडे हात मारतो, प्रवाह त्याला जिंकू देत नाही, आणि दमून तो बुडतो. सापडलात तर किनाऱ्याशी समांतर पोहा, पट्टा अरुंद असतो. त्यातून बाहेर पडल्यावर फुटणाऱ्या लाटांबरोबर तिरकं किनाऱ्याकडे या. पोहता येत नसेल तर पाठीवर तरंगा, एक हात वर करा आणि ओरडा. वाचवायला हात धरून साखळी करू नका, एकाचे चार होतात. जीवरक्षकाला हाक मारा आणि दोरी, रिकामा कॅन, काहीही तरंगणारं फेका.

पाळोळ्याच्या उत्तर टोकाला काणकोणचं छोटं बेट आहे. ओहोटीला गुडघाभर पाण्यातून चालत जाता येतं आणि तिथेच लोक फसतात. गेले तेव्हा पाणी गुडघ्यापर्यंत होतं, परतताना छातीपर्यंत आणि जोरात. कागदावरची ओहोटीची वेळ पाहा, त्याच्या तासभर आधी निघा आणि पूर्ण ओहोटीला परतीला लागा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी जास्त मागे जातं, तसंच जास्त वेगाने चढतं. खडकांवर कालवं असतात, तळपाय ब्लेडसारखे कापतात, म्हणून पायात काहीतरी घालाच.

जेलीफिश चावली तर वाळूने चोळू नका आणि बाटलीतल्या गोड्या पाण्याने धुऊ नका, त्याने न फुटलेले दंशही फुटतात. समुद्राच्याच पाण्याने धुऊन जीवरक्षकाच्या टेहळणीपाशी जा. धाप लागली किंवा चेहरा सुजला तर १०८ ला फोन.

अकरा ते चार सावलीत. आडसर, म्हणजे शहाळं, दोन तरी प्या. डोकं जड झालं, लघवी गडद झाली तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोट घोट प्या. आंघोळीनंतर कपडे खोलीत वाळत घालू नका, दमट हवेत दोन दिवसांत कुबट वास येतो. चपला झटकल्याशिवाय पाय घालायचा नाही.

रात्री आगोंदच्या वाळूत मोबाइलचा दिवा लावून फिरू नका. आगोंद, गालजीबाग, मोरजी आणि मांद्रे इथे ऑलिव्ह रिडले कासवं या दिवसांत अंडी घालायला येतात. उजेड दिसला की मादी तशीच परत फिरते. जाळीने वेढलेली घरटी वन खात्याची, त्यांच्यापासून लांब राहा.

पाचवा दिवस: पोदेर, बाजार आणि परतीची पिशवी

सकाळी सहा-सातच्या सुमारास सायकलच्या भोंग्याचा ‘पाँ पाँ’ आवाज येतो. तो पोदेर, पाववाला. घरच्या पिशवीसकट बाहेर जा आणि पोळी मागा. ही चपाती नव्हे, कोंड्याचा पोकळ, गोल पाव. उंडो वरून कडक आणि आत मऊ. गरम असतानाच खायचा, दुपारपर्यंत चिवट होतो. नाहीतर बाजारातल्या एखाद्या कॅफेत ‘मिक्स भाजी, दोन पाव’ सांगा. पातळ आणि सुकी भाजी एकाच बशीत येते, बरोबर मिरची भजी. मुंबईची पावभाजी मनात ठेवून आलेल्याची निराशा होते, तेव्हा ती घरीच ठेवून या.

शुक्रवार असेल तर म्हापशाचा बाजार, नाहीतर मडगावचा. काजू घेताना पुडीवरचा आकडा वाचा. डब्ल्यू १८०, २४०, ३२० म्हणजे एका पौंडात किती गर बसतात ते. आकडा लहान तेवढा काजू मोठा. एक फोडून चावून पाहा, जिभेवर तेलकट कडवटपणा रेंगाळला तर तो जुना. सालीसकट भाजलेले काजू इथेच घ्यावेत. आमसुलं घेताना मुठीत दाबा. चिकटून गोळा झाला तर ताजी, आणि कडकडीत असतील तर गेल्या वर्षीची. आगळाची, म्हणजे कोकमाच्या घट्ट रसाची, बाटली कपड्यांत ठेवू नका, डाग निघत नाही.

फेणी घ्यायची तर सीलबंद, बिलासकट. विमानात ती हातातल्या पिशवीतून जात नाही, सामानात द्यावी लागते. रस्त्याने महाराष्ट्रात विनापरवाना गोव्याचं मद्य नेणं गुन्हा आहे, बांद्याजवळ इन्सुलीला उत्पादन शुल्क खात्याचा नाका आहे आणि तिथे डिकी उघडायला लावतात.

दुचाकी परत करताना पहिल्या दिवशीचा व्हिडिओ मालकासमोर उघडा, अनामत मोजून घ्या आणि मगच किल्ली द्या. पणजीहून स्टेशन किंवा विमानतळाला जाणार असाल तर संध्याकाळी पाच ते आठ मांडवीच्या पुलाजवळ वाहनं मुंगीच्या पावलाने सरकतात. करमळीसाठी पाऊण तास, मोपासाठी दोन तास हातात ठेवा.